मदत हवी आहे: 2023 चा सॅन डिएगो पाद्रेस संघ प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) मुकला कसा?

बेसबॉलच्या आकडेवारीतल्या जाणकारांनी कृपया मदत करा. सोटो, मचाडो, टाटिस, बोगार्ट्स असे नावाजलेले फलंदाज एकाच संघात. ब्लेक स्नेलला त्या वर्षीचा साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) पुरस्कार. तरी पाद्रेसचे 82 विजय, 80 पराभव, आणि प्लेऑफ दोन विजयांनी हुकले. 84 विजय मिळवलेला अ‍ॅरिझोना मात्र केलेल्यापेक्षा दिलेल्या धावा जास्त असूनही थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत! हे अजून पचत नाही.

पाद्रेसने 752 धावा केल्या, 648 दिल्या. दोन्हींचे वर्ग घेऊन हिशेब केला (केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज, गुणिले 162 सामने) तर सुमारे 93 विजय यायला हवे होते. तूट कुठे, तेही दिसतं: एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत 9 विजय, 23 पराभव, एक्स्ट्रा इनिंग्जमध्ये (नऊ इनिंगनंतर बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात) 2 विजय, 12 पराभव. बाकीच्या ठिकाणी संघ उत्तमच होता.

आता अडलंय ते कारणापाशी. शेवटच्या इनिंगला जॉश हेडर होता आणि त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा; कमी तितका चांगला) 1.28, म्हणजे क्लोजर (आघाडी राखून सामना संपवणारा पिचर) कमी पडला असं म्हणवत नाही. मग त्याच्या आधी येणारे रिलीव्हर (बदली पिचर)? की धावपटू दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर असताना थंडावणारी फलंदाजी? एक्स्ट्रा इनिंगला दुसऱ्या बेसवर आयता धावपटू मिळतो, त्याचाही फायदा यांना उठवता आला नाही.

‘नशीब वाईट’ एवढंच उत्तर नको. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळांवर फुकट मिळणाऱ्या माहितीतून नशीब किती, बुलपेन (संघातले सगळे रिलीव्हर) किती आणि फलंदाजी किती, हे वेगळं काढायला नेमके कोणते आकडे पाहू?