मंदीत सरकारनं हात आखडता घ्यावा का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

मोठे काका: मंदीत शहाणा माणूस हात आखडता घेतो. सरकारनं घेतला तर बिघडलं कुठे? कर्ज तर फेडायलाच हवं.

ताई: काका, घराचा हिशेब इथे लागू पडत नाही. आपण खर्च कमी केला म्हणून आपला पगार घटत नाही. सरकारनं रस्त्याचं काम थांबवलं की कंत्राटदार मजूर कमी करतो, खडी-सिमेंटवाल्याची ऑर्डर जाते, त्यांच्याकडून येणारा करही बुडतो. तेजीत ते मजूर दुसरीकडे लागतात. मंदीत लागणार कुठे?

दादा: असं खरंच झालंय कुठे?

ताई: अमेरिकेत, १९३७ साली. महामंदीतून देश जरा सावरला होता, तेवढ्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या सरकारनं तूट कमी करायला खर्च कापला. सगळा दोष त्या कपातीचाच नाही, त्याच वर्षी सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनसाठीचा, नवा कर लागला आणि फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेनंही बँकांना आवळलं. पण बेकारी १४ टक्क्यांवरून थेट १९ टक्क्यांवर गेली. १९३८ मध्ये सरकारनं पुन्हा खर्च वाढवला, तेव्हा गाडी रुळावर यायला लागली.

आत्या: आणि ग्रीस?

ताई: ते तर वाईटच. कर्ज कमी व्हावं म्हणून पगार, पेन्शन, सगळं कापलं. अर्थव्यवस्था जवळपास पाव आटली, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर. आणि जीडीपीच्या तुलनेत कर्ज? उलट वाढलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं कपातीचा फटका कमी धरला होता, हे त्यांच्याच अर्थतज्ज्ञांनी नंतर दाखवून दिलं.

मोठे काका: कॅनडानं नव्वदच्या दशकात कपात केलीच की. बुडाला नाही.

ताई: मान्य. पण तेव्हा त्यांचे व्याजदर उतरत होते, त्यांचा कॅनडियन डॉलर स्वस्त होता आणि शेजारी अमेरिकेत तेजी होती. माल खपत होता. ग्रीसकडे स्वस्त करायला स्वतःचं चलनही नव्हतं.

दादा: मग कपात कधीच नको?

ताई: करावी ना, पण तेजीत. मला राग येतो तो गुपचूप कपातीचा. पदं रद्द करत नाहीत, नुसती भरत नाहीत. कुणाला काढलं नाही म्हणून बातमी होत नाही. पण नुकतीच पास झालेली नर्स घरी बसते आणि वॉर्डातल्या दोघी चौघींचं काम ओढतात.

मोठे काका: हे रिक्त पदांचं मात्र पटलं. बजेट आलं की आधी तोच आकडा बघू.