मुंबई तीन दिवसांत: आईवडिलांसोबत राहायचं कुठे, लोकल की टॅक्सी?

अंबानगरीकर:
डिसेंबरात शनिवारी सकाळी अमरावतीहून सीएसएमटीला उतरतोय, सोमवारी रात्री तिथूनच परतीची गाडी. आम्ही चौघं: मी, सत्तरीचे आईबाबा आणि आठ वर्षांची मुलगी. गेटवे, घारापुरी आणि कान्हेरीची लेणी, राणीची बाग (प्राणिसंग्रहालय) आणि सिद्धिविनायक बघायचं आहे. आईला जिने जड जातात. सगळे म्हणतात दादरला खोली घ्या. ते बरोबर आहे का? आणि फिरायचं लोकलने की टॅक्सीने?

फोर्टातला:
दादर सोयीचं आहे, पण तुमच्यासाठी नाही. गाडी सीएसएमटीला येते, तिथूनच सुटते, मग सामान घेऊन दादरला जायचं कशाला? फोर्टात किंवा सीएसएमटीच्या आसपास खोली घ्या. खोल्या लहान असतात, भाडंही थोडं जास्त पडेल, पण लिफ्ट आहे का हे आधी फोन करून विचारा. तिथल्या जुन्या इमारतींत बरीच लॉज दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात.

दुसरं कारण गर्दीच्या दिशेचं. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते अकरा सगळा लोंढा दक्षिणेकडे येतो, संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे परततो. दक्षिणेत राहणारा माणूस सकाळी उलट्या दिशेने निघतो आणि दुपारी आरामात परततो. पाहुण्यांचे हाल होतात ते बहुतेक वेळा उपनगरात स्वस्त खोली घेऊन रोज या लोंढ्याबरोबर ये-जा केल्यामुळे.

तारखाही तपासा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस धरून दादर आणि शिवाजी पार्कचे रस्ते भरलेले असतात आणि विदर्भातून येणाऱ्या गाड्यांनाही तुडुंब गर्दी असते. त्या सुमाराचं आरक्षण असेल तर तारीख लवकर बदला.

पश्चिम_रेल्वेचा_प्रवासी:
क्रम सुट्टीच्या वारावर ठरवा. घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद, म्हणून ती सोमवारी ठेवा.

शनिवार घारापुरीचा. खोली मिळायला दुपार होणार असेल तर सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवा. प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. तिथून गेटवेला काळीपिवळी टॅक्सी, मीटरनेच. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहेत. टॅक्सीत चौघं बसता. लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात, जायला साधारण तास लागतो. शक्यतो पहिल्या फेऱ्यांतच निघा, कारण दुपारी उन्हात चढणं वयस्कांना त्रासदायक. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे, पुढे सुमारे १२० पायऱ्या. त्यासाठी डोलीवाले मिळतात, पण जाण्यायेण्याचे मिळून किती ते बसण्याआधी ठरवा. खाण्याची पिशवी हातात मिरवू नका, माकडं झडप घालतात.

रविवारी कान्हेरी. चर्चगेटहून बोरिवली लोकल पकडा. चर्चगेटला गाडी रिकामी सुटते, बसायला जागा मिळते. पण रविवारी दुरुस्तीचा ब्लॉक असतो (मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, पश्चिमवर जम्बोब्लॉक), साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत. शनिवारी वेळापत्रक बघा आणि आठच्या आत निघा. राष्ट्रीय उद्यानाचं दार बोरिवली पूर्वेला आहे. रिक्षात तीनच जण बसवतात, तुम्हाला दोन लागतील. दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, त्यासाठी उद्यानातून बस असते.

दगडफुली:
लागोपाठ दोन लेण्या आईंना झेपतील का, याचा आधी विचार करा. तरी कान्हेरी पूर्ण सोडू नका. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत, पण ३ क्रमांकाचं मोठं चैत्यगृह प्रवेशाजवळच आहे आणि व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच बुद्धमूर्ती तिथेच दिसतात. आईबाबांनी तेवढं बघून थांबावं. तुम्ही मुलीला घेऊन वर जा, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि पन्हळी बघता येतील. पावसाचं पाणी भिक्षूंनी कसं साठवलं हे मुलांना तिथे प्रत्यक्ष समजतं. कातळातल्या पायऱ्या गुळगुळीत आहेत, बूट घाला, चपला नकोत.

अंबानगरीकर:
मनापासून आभार. लोकलचा इंडिकेटर कसा वाचायचा? आणि सोमवारी सकाळी राणीच्या बागेत जाताना गर्दी लागेल का?

पश्चिम_रेल्वेचा_प्रवासी:
इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन, वेळ, स्लो की फास्ट आणि डबे (१२ किंवा १५) एवढं वाचा. १५ डब्यांची असेल तर डब्यांच्या जागाही बदलतात. संध्याकाळी बोरिवलीपर्यंतच जायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका, दारातल्या गर्दीतून उतरताच येत नाही. फर्स्ट क्लासच्या डब्यावर तिरके पट्टे असतात. साधं तिकीट घेऊन त्यात चढलात तर दंड. लोकल वीस-तीस सेकंदच थांबते, म्हणून उतरायच्या आधीच्या स्टेशनलाच दाराकडे सरका, आणि दार कोणत्या बाजूला येणार ते शेजारच्याला विचारा. मुंबईकर आवर्जून सांगतात.

सोमवारी सीएसएमटीहून भायखळा म्हणजे उलटी दिशा, गर्दी नाही. मेन लाइनची कोणतीही स्लो पकडा, हार्बर लाइनच्या गाड्या भायखळ्याला जात नाहीत. बाग भायखळा पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याजोगी.

फोर्टातला:
सिद्धिविनायकाला आता लोकल नको. सीएसएमटीहून भुयारी मेट्रो ३ थेट सिद्धिविनायक स्टेशनला जाते. सरकते जिने आणि लिफ्ट असल्यामुळे आईंना हेच बरं. भुयारात मोबाईलची रेंज भरवशाची नाही, म्हणून तिकिटासाठी रोख सुटे ठेवा. भायखळ्याहून सीएसएमटीला परत या, जेवा, दुपारी दर्शनाला जा. मंगळवार नसल्यामुळे रांग आटोक्यात असते. पाचच्या आत परत निघा, म्हणजे सामान घ्यायला आणि गाडीआधी जेवायला पुरेसा वेळ राहील.