अम्लोडिपिन १० केल्यापासून आईच्या पायांना सूज, तिने गोळीच बंद केली, काय करू?

वाईची_लेक
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. आई ६१ वर्षांची, वाईला एकटी असते, मी पुण्यात. तीन वर्षं बीपीची गोळी अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम चालू होती, काही त्रास नव्हता. दोन महिन्यांपूर्वी बीपी चढलेलं दिसलं म्हणून डॉक्टरांनी १० केली आणि तेव्हापासून संध्याकाळ झाली की दोन्ही घोटे सुजतात. जोडवी रुतायला लागली होती, शनिवारी गेले तेव्हा साबण लावून काढली तर बोटाभोवती लाल वळ, बघून पोटात कालवलं माझ्या. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडतो तो बराच वेळ तसाच.

शेजारच्या काकू म्हणाल्या किडनीवर गेलंय, तर हिने आठ दिवस झाले गोळीच बंद केली आणि मला सांगितलंही नाही. म्हणते डोकं दुखत नाही, चक्कर नाही, म्हणजे बीपी नाहीच. काल घरच्या मशीनवर १६८/९८ आलं! मामी म्हणतात त्यांच्याकडे लघवीची गोळी आहे ती दे, सूज उतरेल. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून दिवसाआड घेतेच ती. मी कमी सोडियमचं मीठ पण आणून दिलंय. आता १० परत सुरू करू का, अर्धी करून देऊ का? डॉक्टर गुरुवारी भेटणार आहेत.

सिस्टर_निवृत्त
ताई, गुरुवारपर्यंत थांबू नका, आजच दवाखान्यात फोन लावून डॉक्टरांना विचारा की ५ सोसत होती, ती आजपासून चालू करू का. अर्धी, पाव असं आपल्या मनाने नको.

१० वर गेल्यावर घोटे सुजणं हे या गोळीचं नेहमीचंच आहे, बायकांना जास्तच. ५ वर काही नव्हतं आणि डोस वाढल्यावर दोन्ही पाय सुजले म्हणजे बहुतेक तेच, पण नक्की डॉक्टरांनी बघूनच ठरवायचं. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, दम लागतो, रात्री आडवं झोपवत नाही, चेहरा सुजतो, लघवी कमी होते, यातलं काहीही असेल तर गोळीवर ढकलू नका, लगेच दाखवा.

आणि डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही हे मी २८ वर्षं ऐकलं. १८० असलेली माणसं बाजार करून पायी घरी येतात, काही जाणवत नाही त्यांना. म्हणून तर मशीन.

ते १६८ तुम्ही कसं मोजलं? पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, ब्लाउजची बाही वर सरकवून घट्ट करू नका. आधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजा. असं सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, आठवडाभर लिहून ठेवा. घरच्या मशीनवर सरासरी १३५/८५ च्या खाली असावी असं साधारण धरतात.

कोपऱ्यावरचं_मेडिकल
फार्मासिस्ट आहे, कराडजवळ दुकान आहे. मामींच्या गोळीबद्दल आधी सांगतो, देऊ नका. अम्लोडिपिनने बारीक धमन्या सैल होतात, पण पुढे शिरांची बाजू तेवढी सैल होत नाही, म्हणून मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून पायात उतरतं. अंगात पाणी जास्त झालंय असं नसतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही, उलट सोडियम-पोटॅशियम बिघडायची भीती. अशा वेळी डॉक्टर बहुतेकदा डोस कमी करतात किंवा ५ सोबत टेल्मिसार्टनसारखी बीपीची दुसरी गोळी जोडतात, तिने शिरांची बाजूही सैल होते म्हणून सूज कमी व्हायला मदत होते.

दुसरं, ते डायक्लोफेनॅक. माझ्या मते तुमच्या आईच्या गोष्टीत खरा घोळ इथे असू शकतो. दुखण्याच्या या गोळ्या बीपी वाढवतात आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणजे कदाचित तिच्यामुळेच बीपी चढलं, म्हणून अम्लोडिपिन १० झाली, म्हणून सूज आली. बीपीच्या डॉक्टरांना हे सांगितलंय का कोणी? बहुतेक वेळा सांगत नाहीत, गुडघ्याचं वेगळं समजतात. आणि टेल्मिसार्टन चालू झाली तर हे डायक्लोफेनॅक किडनीला आणखीच जड जातं. गुडघ्यासाठी दुसरं काय चालेल ते त्यांनाच विचारा.

तिसरं, तुमचं ते मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. एरवी चांगलं, पण टेल्मिसार्टन किंवा किडनीचा त्रास असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि कोणी सैंधव सुचवेल, तर तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच, उपवासाला चालतं म्हणून बीपीला चालत नाही. साधंच मीठ पण दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. पित्तासाठी सोड्याची फसफसणारी पावडर घेत असतील तर तिच्यातही सोडियम असतं बरं.

नीरेकाठचा
ताई, लगेच फोन करा एवढंच सांगायला लिहितोय. माझ्या वडिलांनी "आता नॉर्मल आलंय" म्हणून गोळी सोडली, आम्हीही काही बोललो नाही. चार महिन्यांनी सकाळी दूध ओतताना डाव्या हातातलं पातेलं सुटलं आणि तोंड वाकडं झालं. १०८ ला फोन केला, गाडी वेळेत आली, वाचले, पण ती डावी मूठ अजून नीट मिटत नाही. नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच आलं होतं, हे कोणीतरी आम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं.

वाईची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच दिवशी फोन केला, डॉक्टरांनी ५ चालू करायला सांगितली, गुरुवारी आईला घेऊन गेले. डायक्लोफेनॅकचं सांगितल्यावर त्यांनी पेनच खाली ठेवलं, त्यांना माहीतच नव्हतं. ती बंद करून लावायचं जेल आणि लागलीच तर पॅरासिटामॉल दिलीय. आता अम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० एकत्र. किडनीसाठीची क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, या रक्ततपासण्या आत्ता केल्या, दोन आठवड्यांनी परत करायचंय. आज आठवा दिवस, सूज बरीच उतरलीय, सकाळी १४२/८६ होतं.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. आई विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? आणि मी सात खणांची डबी आणलीय, त्यात आठवड्याच्या गोळ्या काढून ठेवू ना?

कोपऱ्यावरचं_मेडिकल
दोन कधीच नाही. त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. अम्लोडिपिन अंगातून हळूहळू जाते, अर्धी उतरायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे एखाद्या दिवसाने आभाळ कोसळत नाही. त्याच कारणाने पूर्ण परिणाम दिसायलाही आठवडा-दीड आठवडा लागतो, रोज आकडा बघून जीव टांगणीला लावू नका. संकष्टी-एकादशीलाही गोळी घ्यायचीच, पाण्याबरोबर चालते.

डबीचं मात्र जपून. टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा फार ओढते, वाईच्या पावसाळ्यात तर बघायलाच नको, पत्रा फोडून ठेवली की खराब होते. घेतानाच फोडा. डबीच हवी असेल तर पत्र्यासकट कात्रीने कापून एकेक खणात ठेवा. आणि जुलाब-उलट्या लागल्या, पोटात पाणीच ठरत नसेल तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे त्याच दिवशी फोनवर विचारायचं, तेव्हा किडनीला धोका असतो.

सिस्टर_निवृत्त
सकाळी उठताना आईला आधी पलंगावर मिनिटभर बसू दे, मग उभं राहू दे, दोन औषधं नवीन एकत्र आहेत. दोन आठवड्यांचा रिपोर्ट आला की आधीच्या रिपोर्टसोबत एकाच फाइलला लावून न्या, आणि मशीनही बरोबर न्या, डॉक्टरांच्या मशीनशी एकदा ताडून घेतील.

वाईची_लेक
नेते. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायला घेतलाय, गोळी घेतली की तारखेवर बरोबरची खूण. जोडवी कालच परत घातली तिने.