बियरच्या जुन्या बाटल्या: नुसतं स्टार सॅन (जंतुनाशक द्रव) पुरे की घासायच्याच?

निवांत_नाना (न्यूजर्सी):
चार वर्षं घरी बियर करतोय, पाच गॅलनची बॅच म्हणजे पन्नासेक बाटल्या, बऱ्याचशा मित्रांनी पिऊन परत दिलेल्या नाहीतर रिसायकलच्या डब्यातून उचललेल्या. एकेक बाटली ब्रशने घासत बसणं हा माझ्या मते निव्वळ टाइमपास आहे. ग्लासात ओतली की लगेच तीन पाण्यांनी खळखळून उलटी वाळवा, भरायच्या दिवशी स्टार सॅनमध्ये (५ गॅलन पाण्याला १ औंस) एक-दोन मिनिटं बुडवा, झालं. फेस राहतो तो तसाच ठेवायचा, धुवायचा नाही. बायको म्हणते साबण पाजतोस का, अगं फॉस्फोरिक ॲसिड आहे, कोलातही असतं! आणि हॉप्स (बियर कडू करणारी फुलं), अल्कोहोल, आंबटपणा यात माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा टिकत नाहीत, मग एवढं सोवळं कशाला?

कडू_कारलं:
साफ असहमत. तुमच्या स्वतःच्या बाटल्या ठीक आहेत हो, पण डब्यातल्या बाटलीत कोणीतरी सिगरेट विझवलेली असते आणि तळाला बुरशीचं वर्तुळ, तिचं काय? सॅनिटायझर त्या थराच्या आत पोचतच नाही. आजारी पडत नाही हे खरं, पण भानगड चवीची आणि प्रेशरची आहे. तिथे जंगली यीस्ट बसलेलं असलं तर आपल्या यीस्टने न खाता सोडलेली साखरही ते खातं आणि गॅस वाढतच राहतो. आमच्या बेसमेंटमध्ये रात्री दोनला एक फुटली, मी बॅट घेऊन खाली गेलो, म्हटलं चोर आला. काचा धुतलेल्या कपड्यांच्या बास्केटमध्ये. बाकीच्या बाटल्या ठणठणीत, म्हणजे गॅससाठी भरताना घालतो ती साखर जास्त पडली नव्हती, तीच एक घाण होती.

निवांत_नाना:
साखरेचं पाणी नीट ढवळलं नाही तरी एखादीच फुटते की.

कडू_कारलं:
फुटते. पण त्याच खोक्यातून आलेल्या अजून दोघींच्या मानेशी आतून पांढरी रिंग होती. ती साखरेची?

स्वस्त_आणि_मस्त:
एवढं सायन्स कशाला, घरातलं ब्लीच घाला, धुवा, संपलं.

कडू_कारलं:
नीट धुतलं गेलं नाही तर बियरला बँडेडचा वास येतो, क्लोरोफिनॉल नावाच्या रसायनाचा, आणि अख्खी बॅच मोरीत. आणि कोणी शहाणपणाने त्यात व्हिनेगर घालू नका, क्लोरीन वायू निघतो.

सुगरण_सिएटल:
आजी कैरीच्या लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी द्यायची, पण आधी बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात कोरडी ठक्क. धुरी आहे म्हणून धुण्याची सूट आम्हाला कधी मिळाली नाही. नानांचं स्टार सॅन म्हणजे धुरीच की! मी बिनवासाचं ऑक्सिक्लीन (डाग काढायची पावडर) घालून गरम पाण्यात रात्रभर ठेवते, लेबलंही बऱ्याचदा आपोआप सुटतात, मग स्वच्छ धुवून तोंडाला फॉइल लावून ओव्हनमध्ये १७० सेल्सियसला तासभर. थंड ओव्हनमध्येच ठेवायच्या आणि आतच निवू द्यायच्या, नाहीतर काच तडकते. फॉइल काढलं नाही तर आठवडाभर आधी करून ठेवता येतं.

निवांत_नाना:
पन्नास बाटल्यांचे किती घाणे काढता? आणि पुन्हापुन्हा तापवून काच कमजोर होते ते वेगळंच.

सुगरण_सिएटल:
तीन घाणे. तेवढ्या वेळात पोळ्या होतात.

पुणेरी_तहान:
इथे घरी करून बघावं का?

कडू_कारलं:
अजिबात नको, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, विनापरवाना बियर करणं गुन्हा. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मोकळीक आहे, दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन.

निवांत_नाना:
बरं, डब्यातल्या बाटल्या यापुढे टॉर्चसमोर धरून बघेन, तळाला डाग दिसला की परत डब्यात. ब्रश मात्र आणणार नाही.

कडू_कारलं:
तपकिरी काचेतून दिसतो डाग?

निवांत_नाना:
मोठा टॉर्च आहे.