इंग्रजी मजकुरात गॉथेनबर्ग लिहावं की योतेबोर्य?

शाईचा_डाग:
तटबंदीच्या शहरांवरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं संपादन करते आहे. त्यात स्वीडनचं एक बंदर आहे, दुसऱ्या गुस्ताव आडोल्फनं १६२१ साली सनद दिलेलं आणि डच स्थापत्यकारांनी खंदक-बुरुजांसह आखलेलं. त्याचं नाव तीन तऱ्हांनी आलंय: इंग्रजी गॉथेनबर्ग, ओवर दोन टिंबं असलेलं स्वीडिश योतेबोर्य, आणि टिंबं गाळलेलं तेच नाव. 'फाइंड-रिप्लेस' मारून सगळं एकसारखं करू का? मजकुरात विद्यापीठ, टपालाचे पत्ते, एक जहाज आणि संदर्भसूचीही आहे.

कानामात्रा:
सरसकट मारू नका, निम्मी विशेषनामं बिघडतील.

वाहत्या मजकुरात इंग्रजी रूपच ठेवा. कोपनहेगनचं डॅनिश स्पेलिंग आपण इंग्रजीत वापरत नाही, तसंच हे. शेवटच्या 'बर्ग'मध्ये यू हवा. घाईत ई पडतो आणि छापूनही येतो. पहिल्या उल्लेखाला पुढे 'स्वीडन' जोडा, कारण अमेरिकेत नेब्रास्का राज्यातही याच स्पेलिंगचं गाव आहे.

विशेषनामं मात्र एकेक करून तपासावी लागतील. विद्यापीठाचं आजचं इंग्रजी नाव 'युनिव्हर्सिटी ऑफ गॉथेनबर्ग'. जुन्या प्रकाशनांवर स्वीडिश रूपाला 'युनिव्हर्सिटी' जोडलेलं दिसतं. संदर्भसूचीत ते मुखपृष्ठावर आहे तसंच राहू द्या. प्रकाशनस्थळ देणारच असाल तर शिकागो शैलीत (संदर्भ देण्याची एक प्रचलित इंग्रजी पद्धत) ते इंग्रजी रूपात. १९९९चा हवाप्रदूषणाचा करार आणि १८६५पासूनची दारूविक्रीची 'गॉथेनबर्ग पद्धत' ही नावं इंग्रजीतच रुळलीत. उलट फुटबॉल क्लब आयएफके आणि 'पोस्टेन' हे दैनिक यांची नावं स्वीडिशच ठेवायची.

एक सापळा: स्वीडिश नावाला पुष्कळदा शेवटी एस लागलेला असतो. ती षष्ठी आहे, अ‍ॅपॉस्ट्रॉफीशिवायची. तो एस तसाच उचलून पुढे 'युनिव्हर्सिटी' किंवा 'सिटी' जोडलं की ना धड स्वीडिश ना धड इंग्रजी.

जहाज म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं, १७४५ साली चीनहून परतताना बंदराच्या तोंडाशी बुडालेलंच ना? (कंपनी स्वीडिश, आपल्याला ठाऊक असलेली नव्हे.) त्याच्या नावात टिंबंही आहेत आणि टीनंतर एचही. २००३ला पाण्यात सोडलेल्या प्रतिकृतीचंही स्पेलिंग तेच. त्याला हात लावू नका.

बिल_ऑफ_लेडिंग:
पत्त्यांना वेगळा नियम. पाकीट तिथला पोस्टमन वाचणार, म्हणून गावाचं नाव स्वीडिश आणि त्याआधी पाच आकडी पिनकोड, तीन आकड्यांनंतर जागा सोडून (शहराच्या मध्यभागाचे ४११ने सुरू होतात). देशाचं नाव शेवटच्या ओळीत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. मालवाहतुकीच्या कागदांवर स्पेलिंगपेक्षा संकेतांक महत्त्वाचा: बंदराचा एस-ई-जी-ओ-टी, विमानतळाचा जी-ओ-टी.

शाईचा_डाग:
षष्ठीचा एस चार ठिकाणी सापडला! टिंबं जमत नसतील तिथे जर्मनसारखं ओ-ई लिहिलं तर? आणि किल्ल्यांच्या नावांचं काय?

कानामात्रा:
ओ-ई नको. टिंबं शक्यच नसतील तर स्वीडिश लोक नुसता ओ लिहितात. पालिकेच्या वेबसाइटचा पत्ताही तसाच आहे. ओ-ई दिसतं ते पासपोर्टच्या खालच्या, यंत्रानं वाचायच्या ओळींत.

किल्ल्यांची नावं भाषांतरित करू नका. 'स्कान्सेन क्रोनान', 'स्कान्सेन लेयोनेत' यांच्या आधी इंग्रजी 'द' लावू नका, 'स्कान्सेन'च्या शेवटच्या 'एन'मध्ये तो आलेलाच आहे. 'योता एल्व' नंतर 'रिव्हर' नको. 'एल्व' म्हणजेच नदी, तेव्हा 'योता रिव्हर' करा. नदीच्या मुखावरचा किल्ला 'नीआ एल्व्सबोर्य'. त्याचं एफवालं जुनं स्पेलिंगही भेटेल, ते अवतरणापुरतंच. एफवालं नाव मिरवणारा फुटबॉल क्लब बोरोस या वेगळ्याच शहरातला आहे. चित्रओळीत घोटाळा नको.

युनिकोड_बाबा:
शोधण्याआधी एक काम करा. टिंबांचा ओ दोन प्रकारे साठवला जातो: एकसंध अक्षर, किंवा साधा ओ आणि मागोमाग सुटी टिंबं. दिसायला सारखेच, पण बरेच एडिटर एक शोधलं की दुसरं सोडून देतात. आपल्या 'ऱ'चं होतं तेच. पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात सुटी टिंबं पुष्कळदा असतात. सगळा मजकूर एनएफसी (युनिकोडचं एकसंध अक्षरांचं रूप) करून घ्या, मग शोधा. टंकायला विंडोजवर ऑल्ट दाबून न्यूमेरिक कीपॅडवर ०२४६, कॅपिटलसाठी ०२१४. मॅकवर ऑप्शन-यू, मग ओ.

शेवटची सूची इंग्रजी क्रमानंच लावा. स्वीडिश वर्णमालेत हे अक्षर झेडच्याही नंतर येतं. कुणाच्या संगणकाची भाषा स्वीडिश असेल तर शहराच्या स्वीडिश नावाच्या नोंदी येव्ले (जीनं सुरू होणारं स्वीडिश शहर) याच्याही खाली जाऊन बसतील, आणि गॉटलंड या बेटाशेजारी शोधणाऱ्याला सापडणार नाहीत.