ख्रिस्त आपल्या मंडळीत आहे, हे रविवारी आणि एरवीही ओळखायचं कसं? (ऐरोली, लूथरन मंडळी)

ऐरोली_मंडळी

जय ख्रिस्त. ऐरोलीतली आमची लूथरन मंडळी लहान आहे, २५-३० घरं. हॉल शाळेचा, भाड्याचा. घरात कोणी तेलुगू बोलतं, कोणी तमिळ, काही मराठी. उपासना मराठी-हिंदी मिळून चालते. प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आज्ञेने भाकर आणि द्राक्षारस वाटून घेणं) महिन्याच्या पहिल्या रविवारी.

तरुण मुलं-मुली सरळ विचारतात : "दुसऱ्या सभांमध्ये लोकांना प्रभूचा स्पर्श जाणवतो, डोळ्यांत पाणी येतं. आपल्याकडे पुस्तकातून वाचायचं आणि घरी जायचं. ख्रिस्त आपल्यामध्ये आहे म्हणता, तर तो कुठे दिसतो?" कमिटीने हा प्रश्न मनावर घेतला आहे. वाद्यं वाढवा, दिवे लावा हे सल्ले मिळून झाले. लूथरन उपासनाक्रम तसाच ठेवून नेमकं कुठे लक्ष द्यायचं, काय सुधारायचं, हे जाणकारांनी सांगावं. बारीकसारीक असलं तरी चालेल, बारीकसारीकच हवं आहे.

पाळक_ठाणे

जय ख्रिस्त. मुलांचा प्रश्न रास्त आहे, त्यांना गप्प करू नका. फक्त प्रश्न एक पाऊल मागे न्या. "प्रभू कुठे जाणवतो" याच्या आधी "मी तुम्हाला इथे भेटेन असं प्रभूने कुठे सांगितलं आहे" हे विचारायचं. जाणवणं झोपेवर हलतं, घरातल्या भांडणावर हलतं, महिनाअखेरच्या पैशांवर हलतं. त्याचा शब्द हलत नाही. ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराचं (लूथरन मंडळ्यांचा मूळ विश्वासलेख, १५३०) सातवं कलम मंडळी ओळखायला दोनच खुणा देतं : सुवार्ता शुद्धपणे सांगितली जाते का, आणि संस्कार (बाप्तिस्मा व प्रभुभोजन) सुवार्तेला धरून दिले जातात का. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला झ्विंग्लीशी (प्रभुभोजनाची भाकर हे निव्वळ चिन्ह मानणारा स्विस धर्मसुधारक) चर्चेला बसताना, ज्याच्या नावाने आपण लूथरन त्या मार्टिन लूथरने मेजावर खडूने "हे माझे शरीर आहे" एवढंच वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं. मुलांना हा प्रसंग सांगा. लूथरकडेही बोट ठेवायला त्या वाक्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

आता तुमच्या उपासनेत हा शब्द कुठे झाकला जातो ते पाहू. पहिली जागा पापकबुली. "आता शांतपणे आपापली पापे आठवू या" म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी तीन-चार सेकंदांत वाचन सुरू होतं. तेवढ्यात श्वाससुद्धा पुरा होत नाही. घड्याळ समोर ठेवून पूर्ण ३० सेकंद थांबा. सुरुवातीला लोक चुळबुळतील, कोणी खोकेल, कोणाला वाटेल पाळक पान विसरले. थांबायचं सोडू नका.

दुसरी जागा त्यानंतरची क्षमेची घोषणा, आणि इथे मराठीत एक खास चूक होते. "देव आपणा सर्वांची पापे क्षमा करो." ही इच्छा झाली, घोषणा नव्हे. वर "आपणा सर्वांची" म्हटल्यावर देणारा कोण आणि घेणारा कोण, ते विरघळून जातं. पाळक नम्रतेपोटी तसं म्हणतात, पण ही नम्रता ऐकणाऱ्याच्या हातातली भाकर काढून घेते. योहान २०:२३ मध्ये प्रभूने हे काम सोपवलं आहे. लहान प्रश्नोत्तरी (लूथरने घराघरांत शिकवण्यासाठी लिहिलेलं छोटं पुस्तक) सांगते की ही क्षमा खुद्द देवाकडूनच आली असं मानून घ्यायची. म्हणून वाक्य असं हवं : "प्रभू येशू ख्रिस्ताच्या आज्ञेने आणि त्याच्या वतीने मी तुम्हाला तुमच्या सर्व पापांची क्षमा करतो." डोळे पुस्तकातून वर. हे वाक्य पाठ असलंच पाहिजे.

तिसरी जागा उपदेश. पुढच्या उपदेशाचा कागद घ्या आणि क्रियापदांखाली पेन्सिलने रेघा मारा. "आपण करायला हवं" किती वेळा आणि "ख्रिस्ताने तुमच्यासाठी केलं" किती वेळा, मोजा. पहिलं वीस आणि दुसरं दोन निघालं, तर ख्रिस्त दिसत नाही हे मुलांचं म्हणणं त्या रविवारपुरतं खरं आहे.

वेदी_सेवा_वाशी

पाळकसाहेबांशी सहमत. मी फक्त मेजाच्या तयारीबद्दल लिहिते, कारण भाड्याच्या हॉलमध्ये लक्ष विचलित होतं ते बहुतेक इथेच. प्रभू भाकरीत, भाकरीसह, भाकरीखाली स्वतःला देतो असं आपण मानतो, आणि त्याच क्षणी कोणीतरी स्टुलावर चढून पंखा बंद करत असतं.

पंख्यापासूनच सुरू करा. वेफर (प्रभुभोजनाच्या भाकरीच्या पातळ गोल चकत्या) इतके हलके असतात की छताचा पंखा तीनवर असला तरी तबकातून उडतात. वेदीवरचा पंखा उपासनेच्या आधीच बंद ठेवा आणि वेफर झाकणाच्या उथळ डब्यात ठेवा, उघड्या तबकात नको. पावसाळ्यात वेफर चामट होतात, टाळूला चिकटतात, लहान मुलं तोंडात बोट घालतात. पाकीट फोडलं की उरलेले वेफर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिकाची पुडी. फ्रिजमध्ये ठेवायचे असतील तर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटतं.

मोजणी. ज्यांना प्रभुभोजन घ्यायचं आहे त्यांनी आल्याबरोबर दारातल्या वहीत नाव लिहावं. ४५ नावं झाली तर ५० वेफर आणि पाळकांचा एक मोठा. छोट्या प्याल्यांची पद्धत असेल तर प्रत्येकी १० मिलि धरा, म्हणजे ४५० मिलि. सुरईत ५५० ठेवा. प्याले दोन तृतीयांशच भरायचे, काठोकाठ भरले की ट्रे उचलताना सांडतं आणि लोकांचं लक्ष डागाकडे जातं. एकच मोठा प्याला असेल तर द्राक्षारस याहून कमी लागतो, पण प्याला आतून चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला किंवा स्टीलचा हवा. पितळ उघडं पडलं असेल तर आंबट रसाने हिरवट कळा येते, ती पोटात जाऊ देऊ नका. द्राक्षारसाऐवजी कोकम सरबत किंवा लाल शीतपेय वापरू नका. प्रभूने प्याला घेतला तो द्राक्षाच्या उपजाचा.

सगळ्यात मोठी चूक इथे : मध्येच द्राक्षारस संपतो आणि मदतनीस मागच्या खोलीतून बाटली आणून थेट प्याल्यात ओततो. तसं करायचं नाही. नवी सुरई वेदीवर ठेवायची, पाळकांनी तिच्यावर स्थापनेची वचनं ("हे माझे शरीर आहे" वगैरे शेवटच्या भोजनातले प्रभूचे शब्द) पुन्हा मोठ्याने म्हणायची, मगच वाटायचं. मिनिटभर लागतं. त्या मिनिटात मंडळीला कळतं की मेजावर जे आहे ते कोणाच्या शब्दामुळे आहे.

वचनं म्हणताना पाळकांनी लोकांकडे तोंड करावं, माईक वाजत असेल तर बंद करून मोठ्याने म्हणावीत. देताना प्रत्येकाला वेगळं म्हणावं : "हे ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं." पाच जणांना मिळून एकदा नको. ४५ माणसांना सात-आठ मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

उरलेलं तिथेच सेवकांनी खाऊन-पिऊन संपवावं. प्याल्यात पाणी घालून ते पाणीही प्यावं किंवा कुंडीतल्या मातीत घालावं, बेसिनमध्ये ओतू नये. सूत्र-सहमती (लूथरन विश्वासलेख, १५७७) म्हणते की प्रभूने नेमलेल्या वापराबाहेर संस्कार नाही, म्हणून उरलेल्याची पूजा करायची नाही. पण हेळसांडही नाही. खुर्च्या उचलणारी पोरं हे सगळं बघत असतात.

घणसोलीकर

एकच मुद्दा. महिन्यातून एकदा का? ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराच्या बाजूने लिहिलेल्या समर्थनात (१५३१) स्पष्ट लिहिलं आहे की आपल्या मंडळ्यांत दर रविवारी आणि सणांना प्रभुभोजन होतं. पहिला रविवार चुकला की तुमच्याकडचा माणूस दोन महिने मेजापासून दूर. निदान पहिला आणि तिसरा करा.

आणि "मला काही जाणवलं नाही म्हणून मी पुढे आलो नाही" असं म्हणणाऱ्यांना लहान प्रश्नोत्तरीतलं उत्तर वाचून दाखवा : उपास वगैरे बाहेरची तयारी चांगली आहे, पण योग्य तो, जो "तुमच्यासाठी, पापांच्या क्षमेसाठी" या शब्दांवर विश्वास ठेवतो. भावनेची अट तिथे नाही.

भेटसेवा_कळवा

वरचं सगळं वेदीजवळचं झालं. श्मालकाल्ड लेखांत (लूथरने लिहिलेला विश्वासलेख, १५३७) लूथर सुवार्ता आपल्यापर्यंत येण्याचे मार्ग मोजतो : उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, किल्ल्यांचा अधिकार (पापक्षमा जाहीर करण्याचा), आणि त्यांच्याच रांगेत भावाबहिणींनी एकमेकांशी बोलणं व धीर देणं. ही शेवटची गोष्ट आपल्या मंडळ्यांत चहाच्या कपाबरोबर संपते.

उपासनेनंतर एखादी ताई सांगते, मुलाची नोकरी गेली, घरात बोलणं बंद आहे. आपण म्हणतो, "प्रार्थना करीन हं," आणि चप्पल शोधायला जातो. त्याऐवजी तिथेच, भिंतीला टेकून, दोन वाक्यं करा. एक तिचं नाव घेऊन वचनाचं : "ताई, प्रभू म्हणतो, मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे, तो तुम्हाला आणि तुमच्या मुलाला सोडणार नाही." दुसरं प्रार्थनेचं. अर्धं मिनिट. सल्ला देऊ नका, "माझ्या भाच्याचंही असंच झालं" सांगू नका. त्या अर्ध्या मिनिटात बोलणारे तुम्ही असता, पण तिला ऐकू येतो तो शब्द तुमचा नसतो. मुलांना "तो कुठे दिसतो" हे दाखवायचं असेल तर त्यांना हे करायला शिकवा, निव्वळ समजावून सांगू नका.

आजाऱ्यांच्या भेटीला जाताना पाळकांबरोबर दोन तरुण न्या. पिशवीत पाच-सहा वेफर, ३० मिलि द्राक्षारसाची घट्ट बुचाची बाटली, छोटा प्याला, पांढरा रुमाल, क्रूस. हॉस्पिटलमध्ये मेणबत्ती नेऊ नका, ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. आधी सिस्टरना विचारा की पेशंटला तोंडावाटे काही द्यायला परवानगी आहे का. नसेल तर वचन, पापक्षमा आणि आशीर्वाद द्या; त्यात काही कमी पडलं असं पेशंटला वाटू देऊ नका. गिळायला त्रास असेल तर वेफरचा पाव तुकडा द्राक्षारसात भिजवून, पलंगाचं डोकं उचलून. स्तोत्र २३, कबुली, क्षमा, स्थापनेची वचनं, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद : पंधरा मिनिटांत आटपा, तो थकलेला असतो. ज्यांची आठवण गेली आहे अशांच्या कानाशी त्यांच्या बालपणीच्या भाषेत "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू करा आणि थांबा. तेलुगू आजीला मराठीत नको. पुष्कळदा पुढची ओळ त्या स्वतः म्हणतात.

ऐरोली_मंडळी

सगळ्यांचे मनापासून आभार. पंख्याचं आणि "आपणा सर्वांची"चं वाचून कमिटीत दोघंतिघं एकदम म्हणाले, हे आपल्याकडे दर रविवारी होतं. अजून एक अडचण. आमचे बरेच जण रबाळे-महापेच्या एमआयडीसीत शिफ्टला. रविवारी ड्युटी किंवा ट्रान्सहार्बर लोकलवर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद), त्यामुळे महिन्यात दोनच रविवार येऊ शकतात. त्यांचं काय? आणि चार भाषांत (तेलुगू, तमिळ, मराठी, हिंदी) प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणताना गोंधळ होतो तो कसा टाळायचा?

प्रश्नोत्तरी_वर्ग_नेरूळ

मेगाब्लॉक बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो, म्हणून उपासना आठला ठेवून साडेनऊला सोडली तर ठाण्याहून किंवा कोपरखैरण्याहून येणारे परत जाऊ शकतात. शिफ्टवाल्यांसाठी बुधवारी संध्याकाळी अर्ध्या तासाची उपासना, प्रभुभोजनासह, दहा माणसं असली तरी. दोघे किंवा तिघे जमले तरी पुरेसे आहेत, हे मत्तय १८:२० मध्ये प्रभूनेच सांगितलं आहे.

रोजच्यासाठी लहान प्रश्नोत्तरीत सकाळ-संध्याकाळची रीत आहे, ती वापरा. उठल्यावर क्रूसाची खूण करून "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने", मग विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, छोटी प्रार्थना, आणि आनंदाने कामाला. तीन मिनिटं. क्रूसाची खूण म्हणजे बाप्तिस्म्याची आठवण. त्या पाण्यात ख्रिस्ताने या माणसाला धरलं, आणि शिफ्ट कुठलीही असो, ते धरणं चालू असतं. मशीनवर शेजारी उभा असलेला माणूस हाही प्रभूने आपल्यापुढे ठेवलेलाच शेजारी (मत्तय २५:४०). त्याची शिफ्ट सांभाळून घेणं ही मंडळीबाहेरची गोष्ट नाही.

विश्वासांगीकाराचं असं करा : सगळे आपापल्या भाषेत एकाच वेळी म्हणतील, पण लूथरने केलेल्या तीन भागांवर थांबत. पित्याचा भाग संपला की चालवणाऱ्याने गप्प राहायचं, शेवटचा आवाज थांबेपर्यंत. मराठी लवकर संपतं की तमिळ, ते दोन रविवारांत कळेल. पुत्राचा भाग सगळ्यात लांब, तिथे पाच-सात सेकंदांचा फरक पडतो. घाई केली की मागच्या रांगेतल्या वयस्कर बाई अर्ध्यातच गप्प होतात.

आणि एक वही करा, बाप्तिस्म्याच्या तारखांची. दर रविवारी त्या आठवड्यातली नावं वाचा, नाव वाचताना सुरईतून बाप्तिस्म्याच्या कुंडात पाणी ओता, एक लिटर, वीतभर उंचीवरून, म्हणजे शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज जातो. पुष्कळांना तारीख माहीत नसते. मूळ मंडळीला पत्र लिहून दाखला मागवावा लागतो. पत्रात आईवडिलांची पूर्ण नावं, जन्मतारीख, गाव आणि अंदाजे वर्ष लिहा. जुन्या नोंदवह्यांत आडनाव पुष्कळदा नसतंच आणि नोंद वडिलांच्या नावाने शोधावी लागते, म्हणून ते नाव तेव्हा जसं लिहीत असतील तसं, दोन-तीन प्रकारे लिहून पाठवा.