सहामाहीच्या दिवसांत आपली मुलं काय करतात? (अनुभव धागा)

पुणे, धागा सुरू करणारी

संध्याकाळी पाचला सोसायटीत क्रिकेटचा आवाज येईनासा झाला की कॅलेंडर न बघता मी सांगते, सहामाही आली. पार्किंगमध्ये आमची दोघंच बॅट घेऊन उभी. एक बोलिंग टाकतो, दुसरी बॅटिंग करते, आणि चेंडू गाडीखाली गेला की कोणी आणायचा यावर दहा मिनिटं भांडण. मुलगा दहाचा, मुलगी सातची. दोघंही घरीच शिकतात, शाळेत न जाण्याचं हे चौथं वर्ष. घट बसल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ आमच्याकडे वर्षातला सगळ्यात भरगच्च असतो, आणि सहामाहीचे दहा-बारा दिवस सगळ्यात एकटे. तुमच्याकडे कसं असतं, ते लिहा. सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

सुरुवात मी करते. यंदा देवघरातल्या घटासोबत मुलांनी बाल्कनीत दुसरी परडी मांडली. तीच काळी माती, तीच सात धान्यं, पाणीही तेवढंच. रोज सकाळी उंची मोजायची. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी पट्टी हिसकावून घेतली, "घटाला पट्टी लावतात का कुणी!" मग जाड कागदाची पट्टी करून परडीच्या बाहेर उभी केली आणि लांबूनच बघायचं ठरलं. नवव्या दिवशी देवघरातलं धन 21 सेंटीमीटर, पिवळंधमक, वाकलेलं. बाल्कनीतलं 13, हिरवं आणि ताठ. मुलीचा निष्कर्ष: देवाजवळचं जास्त वाढतं. मुलगा म्हणाला, अंधारात रोप उजेड शोधत नुसतं लांबतं, हिरवं व्हायला उजेडच लागतो. सासूबाई म्हणाल्या, दोन्ही बरोबर. आमच्या घरात दोन्ही पक्षांना बरोबर ठरवण्याची ही पहिलीच वेळ.

सातारा

आम्हाला कासचं फुलांचं पठार पंचवीसेक किलोमीटर, त्यामुळे मंगळवार-बुधवारी जाता येतं. शनिवार-रविवारी तिथं फुलांपेक्षा गाड्या जास्त. पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा 2012 मध्ये मिळाला, त्यात कासही आहे. तेव्हापासून गर्दी वाढली. आता ऑनलाइन नोंदणी सुरू केली आहे, ते बरंच झालं.

माझ्या मुलीला फुलांच्या गालिच्यात काडीचा रस नाही. तिला सीतेची आसवं बघायची असतात. वाटेवर उकिडवी बसते आणि उठतच नाही. इतकुसं निळंजांभळं फूल, पण रोप किडे खाणारं. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ, त्यात कस नाही, म्हणून मोठी झाडं धरत नाहीत आणि ह्या बारक्या रोपांना पोट भरायला किडे पकडावे लागतात. मुळांशी सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांत किडा ओढला जातो. हे तिला वनखात्याच्या एका वाटाड्या काकांनी सांगितलं. त्यानंतर आठवडाभर ती जेवताना "मी पिशवी आहे" म्हणून आमटी ओढत होती.

गेल्या वर्षी मात्र फसलो. पाहुणे यायचे म्हणून थांबलो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. सगळं तपकिरी. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे मी आयुष्यभर म्हणत आले आणि स्वतःच विसरले. परतताना घाटात चहाला थांबलो, तिथं रस्त्याकडेला तेरड्याच्या बोंडांना हात लागला की फट्‌कन फुटून बी उडत होतं. दीड तास मुलं तेच करत होती. कासची नोंदणी वाया गेली हे त्यांच्या लक्षातही नाही.

जळगाव, आजी (टायपिंग नातू करतो आहे)

तुमच्याकडे भोंडला, आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघर मांडतात. मातीचे भुलाबाई-भुलोजी, टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. डबा हलवून वाजवायचा आणि आवाजावरून सांगायचं. खडखड वाजलं तर शेंगदाणे-फुटाणे, खसखस वाजलं तर चिवडा.

माझ्या लेकीने नातवाला शाळेतून काढलं तेव्हा मी दोन महिने तिच्याशी धड बोलले नव्हते. मी स्वतः पस्तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका. अजूनही मला पूर्ण पटलेलं नाही, ते इथं लिहून ठेवते. पण गाणी म्हणणाऱ्या पोरी आता गल्लीत उरल्या नाहीत. क्लासमधून साडेसातला येतात, दमलेल्या. हा एकटा मुलगा माझ्याजवळ बसून सगळी गाणी शिकला. मुलीच्या खेळात मुलगा कसा, म्हणून दोन बायका हसल्या. हसू देत.

आता ओळखा यंदाचा माझा खाऊ. डबा वाजवला तर आवाज येत नाही. तिखट आहे. तळणीचा नाही.

न्यू जर्सी

आजी, ढोकळा?

आमच्या राज्यात घरी शिकवायचं तर कोणाला काही कळवावं लागत नाही. पलीकडे पेनसिल्व्हेनियात बहीण राहते, तिला दरवर्षी प्रतिज्ञापत्र, मुलांच्या कामाची फाइल आणि वर्षअखेर तपासणी. तिची फाइल बघितली की मला आपल्याकडचे बी.एड.चे दिवस आठवतात.

दोन्ही घरं मिळून सप्टेंबरच्या मध्यावर, शनिवार-रविवार टाळून, हॉक माउंटनला जातो. पेनसिल्व्हेनियातला डोंगर आहे. पूर्वी लोक इथं बंदुका घेऊन यायचे आणि दक्षिणेकडे जाणारे ससाणे-घारी शेकड्याने पाडायचे. 1934 मध्ये रोझली एज नावाच्या बाईंनी ती जमीन ताब्यात घेऊन शिकार बंद पाडली. आता तिथं खडकांवर दुर्बिणी घेऊन लोक बसतात आणि पक्षी मोजतात. ऊन तापून हवा वर चढू लागली की रुंदपंखी ससाणे तिच्यावर स्वार होऊन गोल गोल फिरत उंच जातात, मग पंख न हलवता दक्षिणेकडे घसरत जातात. पहिल्या वर्षी मुलगा म्हणाला, "बाबा, हे फुकट लिफ्ट मागतायत." त्यावर्षी पाच तासांत आम्ही अकरा मोजले. आमच्या आधीच्या दिवशी आलेल्यांनी म्हणे शेकड्यांनी पाहिले होते. वारा कोणाच्या हातात?

भोंडला मात्र मंडळाचा, शनिवारीच. हस्त नक्षत्र, हत्तीचा पाऊस वगैरे सांगायचं आणि बाहेर मेपलची पानं लाल झालेली. दसऱ्याला इथं आपटा कुठून आणणार? आमच्या अंगणात रेडबडचं झाड आहे. मुलीने शोधून काढलं की रेडबड आणि आपटा एकाच उपकुळातले, लांबचे चुलतभाऊ. रेडबडचं पान मधे दुभंगलेलं नसतं, नुसतं बदामाच्या आकाराचं, पण ऑक्टोबरात ते पिवळं होतं. अंधार पडू लागला, थंडी वाढली की झाड पानातलं हिरवं द्रव्य मोडायला काढतं आणि आधीपासूनच आत असलेला पिवळा दिसू लागतो. म्हणजे आमचं सोनं खरोखर सोन्याच्या रंगाचं. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, "आमच्या इथं तर लोक आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या विकतात, तुमचं काय वाईट?"

ठाणे

मी विरुद्ध बाजूचं लिहितो. आमची मुलगी तीन वर्षं घरी होती, गेल्या जूनमध्ये परत शाळेत घातली. कारण याच दिवसांतलं आहे. दिवाळीच्या आधी मैत्रिणी म्हणायच्या, परीक्षा संपली, सुट्टी लागली! त्यांचं ते ओरडत जिन्यावरून उतरणं. ही खिडकीतून बघायची. एकदा मला म्हणाली, "मला पण सुट्टी पाहिजे." मी म्हटलं, तुला तर रोजच सुट्टी. म्हणाली, "रोज असते ती सुट्टी नसते."

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही नाणेघाट दाखवला, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं दाखवली, आकाशकंदील घरी केले, बांबूच्या कामट्या स्वतः तासल्या. सगळं तिला आवडायचं. पण तिला परीक्षा संपायला हवी होती. कोणावर टीका नाही. आमच्या एकुलत्या एक मुलीचं हे असं झालं.

(आजी, वाफोळ्या.)

कोल्हापूर

ठाण्याचं वाचून बराच वेळ गप्प बसले. आमच्याकडे जुळे आहेत, त्यामुळे असेल, पण ते दुःख अजून दारात आलेलं नाही.

दारात आल्या त्या सर्वेक्षणाच्या बाई. नेमकी खंडेनवमी. शाळाबाह्य मुलांची यादी करत होत्या. मुलांनी सायकलचा पाना, पक्कड, माझं शिलाई मशीन, आजोबांचा खुरपा, सगळं धुऊन पाटावर मांडलेलं आणि दोघं हळदीकुंकवाने माखलेले. बाईंनी विचारलं, बाळ, शाळेत का जात नाहीस? धाकटा (सात मिनिटांनी धाकटा) म्हणाला, "आज हत्यारांना सुट्टी आहे." बाई हसल्या, पण रकाना भरायचाच होता. त्यांनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. प्रसादाचा पेढा घेऊन गेल्या.

न्यू जर्सीकरांनी भोपळ्याचं काही लिहिलं नाही, तिकडं ऑक्टोबरात भोपळ्यात दिवा ठेवतात ना? आमच्याकडं ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, त्र्यंबोलीला भेटायला, आणि तिथं कोहळा फोडतात. फुटला की तुकड्यासाठी झुंबड. गर्दीत मुलं घेऊन जायचं धाडस मी दोनच वेळा केलं. दुसऱ्या वेळी एक चप्पल गेली. देवी बहिणीला भेटायला का जाते, ती रुसली का होती, ही गोष्ट मात्र चालत जाताना शेजारच्या एका अनोळखी आजोबांनी इतकी रंगवून सांगितली की मी मधे एक अक्षर बोलले नाही.

फोंडा, गोवा

थोडक्यात लिहितो, कारण आमच्याकडे ह्या दिवसांत शिक्षण म्हणजे नरकासुर. वाड्यावरची मुलं पंधरा दिवस आधीपासून सांगाडा बांधतात, त्यात सुकं गवत, वर कागद, मग मुखवटा. मुलगा बाराचा, तोल जाऊ नये म्हणून पायात किती वजन घालायचं ते तिथंच शिकला, कारण पहिला असुर तोंडावर पडला. चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा. रात्रभर जो कर्णा लावतात तो मला मुळीच आवडत नाही आणि हे मी वाड्यावरही बोलून दाखवलं आहे. पहाटे अंघोळ, पायाखाली कारीट फोडायचं, मग पोहे: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळाचे, तिखट. शाळेत जाणारी आणि न जाणारी मुलं एकाच पानाला बसतात. त्या पहाटे कोणी कोणाला इयत्ता विचारत नाही.

नाशिक, वय 16

इथं सगळे आईबाबाच लिहितायत म्हणून मी. सहा वर्षं घरी शिकलो, आता सतरा नंबरचा (बाहेरून बसणाऱ्यांचा) फॉर्म भरून दहावीला बसतोय.

काका-काकूंनो, प्रत्येक गोष्टीचा प्रकल्प करू नका. आमच्या घरी कोजागिरीला आटवलेलं दूध गॅसवरून उतरायच्या आत आई दुर्बीण आणि वही काढायची. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे थिजलेल्या लाव्हाची मैदानं, हे मला आठव्या वर्षी पाठ होतं. पण साय कोणाला मिळाली ते आठवत नाही, कारण मी वहीत डाग काढत होतो. चुलतभावाला मिळाली.

चांगलं काय आठवतं, तर किल्ला. सहामाहीच्या काळात सगळी पोरं अडकलेली, त्यामुळे माती, दगड, पोती गोळा करायला मी एकटा मोकळा. तेवढ्यापुरता माझा भाव वाढायचा. एका वर्षी आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला राजगडावर मुक्काम करून आलो होतो. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या आणि मधला बालेकिल्ला मी डोळ्यांनी बघून आलेलो. मी नकाशा काढला, मोजमाप लिहिलं, उतारावर हळीव टाकले. परीक्षा संपल्यावर टोळी आली आणि म्हणाली, संजीवनी माचीवर हेलिपॅड पाहिजे. मी दोन दिवस रुसलो. तिसऱ्या दिवशी हेलिपॅड झालं, पद्मावतीच्या तळ्यात प्लास्टिकचं बदक सोडलं, आणि महाराजांच्या शेजारी कोणीतरी डायनोसॉर उभा केला. राजगड गेल्या वर्षी, 2025 मध्ये, आणखी अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा मी त्या पोरांना डायनोसॉरचा फोटो पाठवला. त्यातले तिघं अजून माझे मित्र आहेत.

आजी, मुटके?

पुणे

नाशिकच्या दादा, मी घटाची कागदी पट्टी तुझं वाचून काढून टाकणार होते. मुलगा म्हणाला, राहू दे, पट्टी माझी आहे. धाकटीने मात्र आनंदाने वही परत केली.

ठाणे, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे यंदा एक बदल करून बघतोय. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत मी मुलांना काहीही दाखवणार, समजावणार किंवा मोजायला लावणार नाही. चिवड्याला पोहे किती आणि मीठ किती, हे प्रमाणसुद्धा नाही. पहिल्या दिवशी माझीच जीभ सारखी शिवशिवणार आहे.

आजी, आता सांगा. माझा शेवटचा अंदाज: पातोड्या.

जळगाव, आजी

कोणालाच आलं नाही. ढोकळा जवळचा, वाफोळ्या त्याहून जवळच्या. फुणके! तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, मिरची, लसूण, कोथिंबीर घालायची, मुठीत दाबून वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. यंदा शेवटच्या दिवशी सात पोरी आल्या होत्या, परीक्षा संपलेल्या. डबा हलवून हलवून थकल्या. टायपिंग करणाऱ्याने आधीच एकीजवळ गुपित फोडलं होतं हे मला नंतर समजलं, म्हणून तो आता गप्प बसून लिहितो आहे.

कढीची कृती उद्या. त्याचं बोट दुखतंय म्हणे.